तळ्याकाठचे लग्न आणि आपला मांडव



गेल्या जानेवारीत आम्हाला मिरा रोडला जावे लागले. काम चळवळीचे नव्हते, सोयरिकीचे होते. आमच्याबरोबर वीस वर्षे मोर्च्यांत चाललेले यवतमाळ जिल्ह्यातले एक कास्तकार, अकरा एकर कोरडवाहू, पऱ्हाटी आणि ज्वारी. त्यांचा धाकटा भाऊ शिकून मुंबईला गेला. मुंबईत घर परवडले नाही, म्हणून मिरा रोडला स्थिरावला. त्याच्या शिक्षणाची फी कुठून गेली हे वेगळे सांगायला नको. अकरा एकरांतल्या कापसातूनच गेली. आता त्या भावाची मुलगी लग्नाची झाली, मुलगा तिने पसंत केला. घरातल्या मोठ्या माणसाला विचारायचे म्हणून मोठ्या भावाला बोलावणे आले. ते म्हणाले, "भाऊ, तुम्ही चला संगं. थे लोक काय म्हनतात मले समजत नाही."

प्रकरण असे होते की लग्न इटलीत, कोमो नावाच्या तळ्याच्या काठी करायचे. माणसे फक्त पंचेचाळीस. २०१८ च्या नोव्हेंबरात दीपिका पदुकोण आणि रणवीर सिंग यांचे लग्न याच तळ्याकाठी, लेन्नो गावच्या बाल्बियानेल्लो या जुन्या हवेलीत झाले. थोडे पाहुणे, छायाचित्रे नंतर जाहीर. तेव्हापासून अशा लग्नाची हवा मोठ्या पैशाच्या घरांतून मध्यम पैशाच्या घरांत उतरली. आकडा सांगितला गेला साठ लाख. आमच्या मित्राने हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला.

आम्ही मनातल्या मनात हिशेब केला. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. साठ लाख म्हणजे सुमारे ७४० क्विंटल. कोरडवाहूत एकरी चार-पाच क्विंटल धरला, तर दीडशे-पावणेदोनशे एकरांचे एका वर्षाचे सगळे पीक. त्यातून बियाणे, खत, फवारणी, वेचणी काहीही वजा न करता. आणि हमीभाव हातात पडला असे धरून. परदेशी रुईवरचे ११ टक्के आयात शुल्क सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये उठवले आणि नंतर मुदत वाढवून डिसेंबरअखेरपर्यंत उठवलेलेच ठेवले. त्या हंगामात किती जणांनी त्याहून कमी भावात कापूस घातला, ते या पानाच्या वाचकांना आम्ही काय सांगावे?

तरीही त्या बैठकीत आम्ही उधळपट्टीवर व्याख्यान दिले नाही. कुणी दिले असते तर आम्हीच उठून गेलो असतो. कारण हे व्याख्यान शेतकऱ्याला दीडशे वर्षे ऐकवले जात आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी सावकारांच्या वह्या जाळल्या गेल्या. सरकारने चौकशी आयोग नेमला. शेतकरी लग्नात पैसा उडवतो म्हणून कर्जबाजारी होतो, असे तेव्हाही शहाणे लोक म्हणत होते. आयोगाने तपासले आणि लिहून ठेवले की लग्नकार्याच्या खर्चाला वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिले गेले आहे. इंग्रज साहेबांना जे १८७५ नंतर कळले, ते आपल्या काही बँक अधिकाऱ्यांना आणि पाहणी पथकांना अजून कळलेले नाही. शेतकऱ्याने जीव दिला की पंचनाम्यात लग्नखर्चाचा रकाना शोधला जातो, भावाचा रकाना कुणी शोधत नाही. म्हणून ज्याने कमावले त्याने कुठे खर्चावे हे आम्ही सांगणार नाही. पंतप्रधानांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये आकाशवाणीवरून परदेशातल्या लग्नांबद्दल नाराजी बोलून दाखवली, देशातच लग्ने करा म्हणाले. आम्हाला त्यातली गंमत वेगळीच वाटते. रिझर्व्ह बँकेच्या योजनेत एका माणसाला वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर नेता येतात. कायदेशीर आहे, चांगले आहे. फक्त कांद्याला ८ डिसेंबर २०२३ ला आणि कापसाला मार्च २०१२ मध्ये सीमेवर अडवणाऱ्यांनीही मोकळीक हा शब्द लक्षात ठेवावा. असो. विषय लग्नाचा आहे.

मुलगी हुशार आणि मायाळू. तिने मोबाइलवर तळ्याची चित्रे दाखवली. मोठे बाबा बघत होते. मग म्हणाले, "येतानी गाडीतून भाईंदरची खाडी पाहिली. थे पानी कमी आहे काय?" सगळे हसले. पण आम्हाला हसू आले नाही. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी या भागात मिठागरे आणि भातखाचरे होती, आगरी-कोळ्यांची गावे होती. १९८५ साली नगरपरिषद झाली, २००२ साली महानगरपालिका. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या आठ लाखांवर. आता या शहराला सूर्या प्रकल्पाचे दररोज २१८ दशलक्ष लिटर पाणी मंजूर आहे. ती धामणी-कवडासची धरणे बांधली होती पालघर जिल्ह्यातल्या आदिवासींच्या शेतीसाठी, आणि तिथल्या शेतकऱ्यांनी हे पाणी वळवण्याला विरोध केलेला आहे. तेव्हा तळे कुणाचे आणि काठ कुणाचा, हा प्रश्न इटलीपर्यंत जायच्या आधी घरातल्या नळाशीच उभा राहतो.

त्या इटलीतल्या तळ्याबद्दलही, शेतकीची पदवी घेतलेला माणूस म्हणून, आम्हाला थोडे सांगावेसे वाटते. कारण चित्रांत ते येत नाही. कोमो हा रेशमाचा मुलूख. तिथला गरीब शेतकरी तुतीचा पाला काढून घरात किडे वाढवायचा आणि कोष विकायचा. कोषाचा भाव तो ठरवत नसे. हे तुम्हाला ओळखीचे वाटेल. पुढे ते किडेपालन बसले. कोमो शहर आजही रेशमी कापडासाठी जगात नावाजलेले आहे, पण कच्चे रेशीम येते चीनमधून. कापड टिकले, कोष पिकवणारा गेला.

आणि एक योगायोग पाहा. इटालियन भाषेतली सगळ्यांत मानाची कादंबरी, मान्झोनीची, १८२७ साली पहिल्यांदा छापली गेलेली, याच तळ्याकाठच्या एका लग्नाची गोष्ट आहे. अडवलेल्या लग्नाची. मुलगा आणि मुलगी दोघे रेशमाच्या कामावर पोट भरणारे, काळ १६२८ चा. गावचा जमीनदार मुलीवर डोळा ठेवतो, पाद्र्याला धमकावतो, पाद्री लग्न लावायला कचरतो. पोरगा पळत मिलान शहरात पोचतो तर तिथे पावासाठी दंगल. दुष्काळात धान्य महाग झालेले, आणि कारभाऱ्याने लोकांना खूश करायला पावाचा भाव खर्चाखाली बांधून दिलेला. शेवटी पावही मिळेना आणि भावही टिकेना. चारशे वर्षांपूर्वीचा तो कारभारी आजही आपल्याकडे सहज नोकरीला लागेल.

आता व्यवहाराकडे येतो. पंचेचाळीस जणांच्या यादीत गावाकडची पाच माणसे होती. मुलीनेच आग्रहाने घातलेली. पण त्यांना न्यायचे कसे? पासपोर्ट एकालाही नाही. युरोपच्या व्हिसाला जून २०२४ पासून माणशी ९० युरो फी, किमान तीस हजार युरोंचा विमा, बँकेचे खातेउतारे, उत्पन्नाचा पुरावा, प्राप्तिकराची विवरणपत्रे. शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही, तेव्हा विवरणपत्र कुठले? सातबारा आहे, त्यावर बोजा आहे. खात्यात पीककर्ज येते आणि जाते. हे सगळे कशासाठी, तर माणूस मायदेशी परत येईल अशी त्यांची खात्री पटावी म्हणून. आमचा मित्र म्हणाला, "अकरा एकर वावर आन् सोसायटीचं कर्ज हाये माह्या नावावर. मी वापस न येऊन जाईन कुठी?"

तारीख ठरली होती सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्याची. तिकडे लग्नाचा हंगाम साधारण एप्रिल ते ऑक्टोबर, आणि त्या दिवसांत हवा छान असते म्हणे. घरातली आजी म्हणाली, पितृपक्ष. आमचा मुहूर्तावर विश्वास नाही, पण त्या दिवसांत पऱ्हाटीला बोंडे भरत असतात, गुलाबी बोंडअळी आत शिरलेली असते, एका आठवड्याच्या दुर्लक्षाने हंगाम जातो. शिकलेला भाऊ म्हणाला, "दादा, आठ दिवस माणूस ठेवून दे." अकरा एकरांवरून शिकून गेलेल्या माणसाला तीस वर्षांत हे विसरायला होते. आम्ही त्याला दोष देत नाही, पण दादा त्यावर काही बोलले नाहीत. खोलीत बराच वेळ कुणीच बोलले नाही.

परत येताना गाडीत आम्ही त्या पंचेचाळीस आकड्याचा विचार करत होतो. साठ लाख सोडून द्या, तळे सोडून द्या. थोड्या माणसांत लग्न करणे ही आता श्रीमंतांची प्रतिष्ठा झाली आहे, आणि हजार-बाराशे पानांची पंगत ही ज्याच्याजवळ काही नाही त्याची. हे उलटे कधी झाले? २५ डिसेंबर १८७३ रोजी जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने पहिले लग्न लावले ते साधेपणाने, कर्जाशिवाय. २०२० मध्ये टाळेबंदीत पन्नास माणसांत, आणि २०२१ च्या एप्रिलात तर पंचवीस माणसांत दोन तासांत लग्न उरकायचा सरकारी हुकूम होता. आपल्या गावांतून त्या दोन वर्षांत किती लग्ने अंगणात, घरच्या आलू-वांग्याच्या भाजीवर झाली, आठवून पाहा. कुणाचे नाक कापले गेले? २०२२ उजाडताच मंडप, डीजे आणि आंदणातली स्टीलची भांडी परत आली. (ती भांडी कुठे बनतात माहीत आहे? भाईंदर पूर्वेच्या गाळ्यांत पुष्कळ बनतात. पुतणीच्या यादीत मात्र भांडी नव्हती.)

पण "लग्न लहान करा" हा उपदेश आम्ही बैठकीत सहज मांडला, तेव्हा एका बाईने आम्हाला गप्प केले. ती म्हणाली, "भाऊ, पंगतीत जेवलेली हजार मानसं माह्या घरी मयत झाली तं येतात, दवाखान्यात न्याले बैल सोडून येतात. बँक येत नाही." तिचे खरे आहे. मिरा रोडच्या भावाला पंचेचाळीस माणसे पुरतात, कारण त्याच्याजवळ पगार आहे, विमा आहे, इस्पितळाचे कार्ड आहे. त्याला गावाची गरज उरलेली नाही. आपली पंगत म्हणजे विम्याचा हप्ता आहे, आहेर म्हणजे फिरती ठेव. ज्याला हे कळत नाही त्याने शेतकऱ्याला काटकसर शिकवू नये.

यावर आम्ही बरेच दिवस विचार केला आणि आमचे मत असे झाले. हा विमा पूर्वी काही अंशी चालत होता, कारण एकाची ज्वारी, एकाचा हरभरा, एकाची गुरे, अडचण एका वेळी एकावर यायची. आज सगळ्या शिवारात एकच पऱ्हाटी उभी आहे. २०१७ साली बोंडअळी आली तेव्हा ती आहेर देणाऱ्याच्या वावरात आली आणि घेणाऱ्याच्याही. ज्या वर्षी तुम्हाला मदत हवी, त्याच वर्षी तुमच्या मांडवात जेवलेल्या हजारांच्याही घरात काही नसते. ते दवाखान्यात येतील, खांदा देतील, पण पैसा त्यांच्याजवळ नसेल. आणि येण्यासाठी बुंदीची गरज नाही, ओळखीची आहे. माणसे जोडण्याचा खर्च आणि मंडपवाल्याचा खर्च हे दोन वेगळे आहेत. पाच लाखांचे लग्न म्हणजे हमीभावाने बासष्ट क्विंटल, बारा ते पंधरा एकरांचा सगळा कापूस. हा हप्ता भरून विमा मिळत नसेल तर तो हप्ता कशाचा?

हुंडा हा यातला दुसरा भाग, त्यावर इथे लिहीत नाही. तो कायद्याने १९६१ पासून गुन्हा आहे आणि प्रत्येकाला माहीत आहे की तो कुठे, कुणामार्फत ठरतो.

सरकारच्या शुभमंगल योजनेत सामूहिक किंवा नोंदणी पद्धतीने लग्न केल्यास शेतकऱ्याच्या मुलीला अनुदान आहे. ते २०२४ मध्ये दहा हजारांवरून पंचवीस हजार झाले. अटी तालुक्याला विचारून घ्या. विशेष विवाह कायद्याखाली तीस दिवसांची नोटीस आणि तीन साक्षीदार लागतात, मांडव लागत नाही. नोंदणी करून मग आपल्या अंगणात जवळच्या पन्नास माणसांना जेवू घालणाऱ्याला आम्ही भिकारी म्हणणार की शहाणा, हे गावाने एकदा बसून ठरवले पाहिजे. एकट्याने ठरवून ते होत नाही. एकटा करतो तेव्हा त्याला कंजूस म्हणतात, पन्नास घरे मिळून करतात तेव्हा ती रीत होते.

म्हणून पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येकाने आपल्या घरातल्या शेवटच्या लग्नाचा हिशेब एका कागदावर लिहून आणावा. जेवलेली पाने किती, उसने किती, कुणाकडून, अजून किती फिटायचे, आणि त्या वर्षीच्या भावाने त्याचा कापूस किती क्विंटल. नाव घालू नका. बायाबापड्यांनी वेगळा आणावा, त्यांचा आकडा नेहमी जास्त खरा असतो.

मिरा रोडकडून परवा निरोप आला. पुतणीने भांडून तारीख मेच्या पहिल्या आठवड्यावर आणली आहे, म्हणजे पेरणीच्या आधी. तळे मात्र तेच. आमचा मित्र जाणार नाही म्हणतो, वखरणी आहे. त्याची बायको जाणार आहे. तिच्या पासपोर्टच्या चौकशीला पोलीस घरी आला आणि त्याने विचारले, परदेशी काय काम? ती म्हणाली, "लगन आहे घरचं."