गाडीत पेट्रोल आहे, पण अंगात साखर आहे का?

गेल्या पावसाळ्यात माझे एक जुने पेशंट कपाळाला टाके घालून दवाखान्यात आले. वय ५८. हिंजवडीला ऑफिसला जाताना भूमकर चौकाजवळ त्यांची गाडी दुभाजकावर चढली होती. "डॉक्टर, समोरची गाडी दिसत होती, पण पाय ब्रेकवर जाईचना," ते म्हणाले. जमलेल्या लोकांना वाटलं, प्यायलेत. रुग्णालयात तपासल्यावर रक्तातली साखर निघाली ४८.

झालं होतं असं की, सकाळी त्यांनी मधुमेहाची ग्लिमेपिराइडची गोळी घेतली आणि नाश्ता ऑफिसात करू म्हणून निघाले. सिंहगड रोडवरून एरवी तासाभराचा रस्ता. त्या दिवशी पाऊस होता, पावणेदोन तास झाले तरी ते रस्त्यातच होते. गोळीला मात्र ट्रॅफिक कळत नाही. ती आपलं काम वेळेवर करते.

पुण्याच्या रस्त्यांबद्दल आपण सगळेच तक्रार करतो. खड्डे, उलट्या बाजूने येणाऱ्या दुचाकी, रखडलेली कामं. तक्रार खरीच आहे. पण जिथे पोहोचायला किती वेळ लागेल हे सांगता येत नाही, तिथे मधुमेही माणसाने उपाशीपोटी स्टिअरिंगवर बसू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मेंदूचं मुख्य इंधन म्हणजे ग्लुकोज. रक्तातली साखर ७० च्या खाली गेली की घाम येतो, छातीत धडधडतं, हात थरथरतात, चिडचिड होते. आणखी खाली गेली की गोंधळ उडतो. आता हीच लक्षणं कोंडीत अडकलेल्या कुठल्याही माणसाची नाहीत का? म्हणून पेशंट म्हणतो, "ट्रॅफिकने डोकं फिरलंय," आणि गाडी पुढे रेटतो. ज्या मेंदूने धोका ओळखायचा, त्यालाच इंधन कमी पडलेलं असतं.

हा धोका मुख्यतः इन्सुलिन आणि ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइडसारख्या गोळ्यांमध्ये असतो. नुसत्या मेटफॉर्मिनने सहसा होत नाही. तुमची गोळी कोणती, हे डॉक्टरांना विचारून घ्या. आणि एवढं करा:

• निघण्याआधी ग्लुकोमीटरवर साखर तपासा. ९० पेक्षा कमी असेल तर खाऊन, पुन्हा तपासून मगच निघा. प्रवास लांबला तर दर दोन तासांनी तपासा.
• ग्लुकोजची पुडी आणि बिस्किटं हाताशी ठेवा, डिकीत नकोत.
• घाम, थरथर जाणवली की गाडी कडेला घ्या, बंद करा. तीन चमचे ग्लुकोज किंवा साखर घ्या, १५ मिनिटांनी तपासा. साखर नॉर्मल झाल्यावरही पाऊण तास थांबा, मेंदू सावरायला वेळ लागतो.
• नाश्ता चुकणार म्हणून गोळी किंवा इन्सुलिन मनाने बंद करू नका. वेळ बदलून घ्या.

यात आम्हा डॉक्टरांचीही चूक आहे. "गोड खाता का?" हे आम्ही प्रत्येकाला विचारतो, "गाडी चालवता का?" हे क्वचितच. चाळिशीनंतर लायसन्ससाठी डॉक्टरांचा फॉर्म १-ए लागतो, तो आणणाऱ्याला नुसती सही हवी असते. पूर्वी मीही दोन मिनिटांत सही करून मोकळा झालो आहे. आता करत नाही. काही जण नाराज होऊन दुसरीकडे जातात. जाऊ देत.

माझ्या त्या पेशंटच्या गोळीची वेळ आम्ही बदलली. नाश्ता आता घरीच होतो. दुभाजकाच्या जागी त्या दिवशी एखादा दुचाकीवाला असता, हे मात्र ते अजून विसरलेले नाहीत.

पुढच्या वेळी तपासायला याल तेव्हा मी विचारायची वाट पाहू नका. रोज किती वेळ गाडी चालवता, हे आपणहून सांगा.