काय की गाय? जुनी रॅम, नवी रॅम आणि उलटलेला एक बिट

वाचकहो, या वेळचा प्रश्न झाशीहून आला आहे. नेवाळकरांच्या काळापासून झाशीत राहणारी जी मराठी घराणी आहेत, त्यांपैकी एका घरातल्या आजोबांचा. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी दोन कामे हाती घेतली: घरातले जुने फोटो स्कॅन करून ठेवणे आणि वंशावळ टाइप करून काढणे. संगणक जुना, त्यात ८ जीबीची एकच रॅम. नातवाने दिल्लीच्या नेहरू प्लेसमधून आणखी एक ८ जीबीची स्टिक आणली आणि जुनीच्या शेजारी बसवली. जुनीवर २४०० लिहिलेले, नवीवर ३२००. दोन्ही डीडीआर-४, त्यामुळे स्लॉटमध्ये बसल्या. स्क्रीनवर १६ जीबी दिसले. आजोबा खूश.

पाच-सहा दिवस बरे गेले. मग मधूनच निळी स्क्रीन येऊ लागली, कधी 'मेमरी मॅनेजमेंट' असे लिहून, कधी दुसरेच काही. त्याच आठवड्यात पेन ड्राइव्हवरून संगणकात घेतलेले काही फोटो उघडले तर वरचा भाग ठीक आणि खालचा सगळा करडा. दुकानदार म्हणाला, "बाबूजी, वायरस है, विंडोज़ नई डलवा लीजिए." नवी विंडोज टाकायला घेतली तर तीही अर्ध्यावर अडकली. दुसरा म्हणाला, "गर्मी से हो रहा है." झाशीच्या मे महिन्यात हे कुणालाही पटेल.

आजोबांचा प्रश्न साधा होता: "नवी रॅम खराब निघाली का?" असेल किंवा नसेलही. दोन चांगल्या स्टिक एकत्र आल्यावर बिघडू शकतात, आणि रॅमच्या दुखण्यात हेच सर्वांत फसवे असते.

रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे एक सूक्ष्म कपॅसिटर. तो पाझरणाऱ्या माठासारखा असतो. भरला की गळायला लागतो, म्हणून संगणक साधारण दर ६४ मिलिसेकंदांत प्रत्येक माठ पुन्हा भरून घेतो. तापमान ८५ अंशांच्या वर गेले की ही फेरी दुप्पट वेगाने करावी लागते. इतक्या घाईचे काम बिनचूक व्हायचे तर वेळा अगदी जुळाव्या लागतात. कुठली स्टिक किती वेगाने चालते, कुठल्या कामाला किती थांबायचे, हे तिच्यावरच्याच एका छोट्या चिपमध्ये लिहिलेले असते. संगणक सुरू होताना बायोस ते वाचते आणि दोन्ही स्टिकना झेपेल असा वेग निवडते. २४०० आणि ३२०० एकत्र असतील तर साधारणतः दोघी २४०० ने चालतात. इथवर ठीक.

पण सगळ्याच वेळा त्या चिपमध्ये नसतात. बऱ्याच बारीक वेळा मदरबोर्ड सुरू होताना स्वतः चाचपून ठरवतो. दोन स्टिकवरच्या चिप वेगळ्या कंपनीच्या, एकीवर चिपची एकच फळी आणि दुसरीवर दोन, असे असले की हे चाचपणे काठावर जमते. संगणक सुरू होतो, गाणी वाजतात, ब्राउझर चालतो आणि लाखो वेळा बरोबर वाचल्यावर एखाद्या वेळी एक बिट उलटा वाचला जातो. त्यात कुणी बायोसमध्ये एक्सएमपी हा वेगवान पर्याय चालू करून ठेवला असेल, तर काठावरची गोष्ट काठापलीकडे जाते.

एका बिटाने काय होते? मराठीतच पाहू. संगणकात 'क' आणि 'ग' या अक्षरांच्या आकड्यांत बरोबर एका बिटाचा फरक आहे. तो उलटला की 'काय'ची 'गाय' होते. '१' आणि '९' यांच्यातही एकाच बिटाचा फरक, म्हणजे १००० रुपयांचे ९००० व्हायला तेवढेच पुरते. आणि झाशीकरांसाठी खास: '७' चा '३' व्हायलाही एकच बिट लागतो. वंशावळीत १८५७ लिहिले आणि सेव्ह होताना १८५३ झाले, तर कुणाच्या लक्षात येईल? १८५३ हे तर गंगाधररावांच्या निधनाचे वर्ष, झाशीच्या कुठल्याही कागदात सहज शोभणारे. पुढची पिढी तेच खरे धरून चालेल.

अशी चूक पकडली गेल्याचे एक प्रसिद्ध उदाहरण बेल्जियममधले आहे. २००३ च्या निवडणुकीत ब्रसेल्सजवळच्या एका मतदान यंत्रणेत एका उमेदवाराला ४०९६ मते जास्त दिसली. मते शक्यतेपेक्षा अधिक होती, म्हणून संशय आला. ४०९६ म्हणजे दोनचा बारावा घात, नेमका एक बिट. तो आपोआप उलटला असावा, असा निष्कर्ष तज्ज्ञांनी काढला. तिथे आकडा अशक्य होता म्हणून सापडला. घरातल्या फोटोंची आणि हिशेबांची फेरमोजणी कुणी करत नाही.

म्हणून निळी स्क्रीन ही मला वाईट बातमी वाटत नाही. ती निदान ओरडून सांगते. न ओरडता बिघडलेली फाइल जास्त घातक, कारण आपण तिचाच बॅकअप घेतो आणि जुनी चांगली प्रत पुसून टाकतो.

तर अशी लक्षणे दिसली की पहिले काम दुरुस्तीचे नाही, थांबण्याचे आहे. फोटो हलवू नका, बॅकअप चालू करू नका, विंडोज पुन्हा टाकू नका. संगणक बंद करा, वायर काढा, पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरा. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा आणि मग नवी स्टिक काढून ठेवा. लू वाहत असताना हवा कोरडी असते, अंगावर स्थिर वीज लवकर साठते, तेव्हा टेरिकॉटचा सदरा आणि पायाखाली गालिचा असताना हे काम करू नये. सुती कपडे बरे.

काढलीच आहे तर स्टिकच्या सोनेरी पट्ट्यांकडे पाहा. मळकट असतील तर पांढऱ्या मऊ खोडरबराने हलके पुसा आणि कण नीट झटका. आपल्याकडचे मेकॅनिक हा उपाय वर्षानुवर्षे करत आलेत आणि कितीतरी 'खराब' रॅम त्याने बऱ्या होतात. स्लॉटमधली धूळ ब्लोअरने उडवा. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे तुषार जातात.

आता तपास. विंडोजमध्ये 'मेमरी डायग्नोस्टिक' नावाची चाचणी असते, स्टार्टमध्ये शोधली की सापडते. पण ती वरवरची आहे. 'मेमटेस्ट-८६ प्लस' हे मोफत साधन पेन ड्राइव्हवर घ्या आणि संगणक त्यावरूनच सुरू करा. पेन ड्राइव्ह मात्र दुसऱ्या, धडधाकट संगणकावर तयार करा, नाहीतर आजारी माणसानेच स्वतःचे औषध कुटल्यासारखे होईल. किमान चार फेऱ्या पूर्ण होऊ द्या, रात्रभर चालली तर उत्तम. झाशीत रात्री वीज जाते, तेव्हा इन्व्हर्टर किंवा यूपीएस असेल तर त्यावर लावा. आणि निकाल वाचताना मन घट्ट करा: एक चूक म्हणजेही चूकच. "फक्त दोनच तर आल्या" असे रॅमच्या बाबतीत चालत नाही.

चाचणीचा क्रम महत्त्वाचा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आधी जुनी स्टिक एकटी, एका स्लॉटमध्ये. मग ती काढून त्याच स्लॉटमध्ये नवी एकटी. कुठल्या स्टिकने चुका दाखवल्या ते कागदावर लिहा, डोक्यात ठेवू नका. जिच्यात चुका आल्या ती दुसऱ्या स्लॉटमध्ये घालून पाहा. चूक स्टिकबरोबर फिरली तर स्टिक खराब, दुकानात परत. चूक त्या एका स्लॉटलाच चिकटून राहिली तर स्टिक निर्दोष आहेत आणि मदरबोर्ड किंवा प्रोसेसरच्या बाजूला पाहावे लागेल. प्रोसेसरच्या सॉकेटमधली वाकलेली एखादी पिनही असे करते.

तिसरी शक्यता आजोबांच्या घरी निघाली. दोन्ही स्टिक एकेकट्या रात्रभर शून्य चुका. दोन्ही एकत्र बसवल्या की तासाभरात चुकांची रांग. मग पाहिले तर बायोसमध्ये एक्सएमपी चालू होते! नातवाने नव्या स्टिकचा पूर्ण ३२०० वेग मिळावा म्हणून केलेले. ते बंद करून दोघींना २४०० वर आणले, बायोसची नवी आवृत्ती टाकली, शिवाय स्टिक बसवायची जागा बदलली. चार स्लॉट असतील तर दोन स्टिक बहुधा प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये जातात. नेमके काय ते मदरबोर्डच्या पुस्तिकेत असते, आणि ती कुणीच वाचत नाही. पुन्हा चाचणी: शून्य. वेग कमी झाल्याचे आजोबांना जाणवलेही नाही.

एवढे करूनही चुका आल्या असत्या तर मी व्होल्टेज वाढवायला सांगितले नसते. ते जाणकाराने करावे. सरळ एक स्टिक काढावी आणि ८ जीबीवर शांतपणे राहावे.

उन्हाचे काय? गूगलच्या सर्व्हरमधल्या रॅमचा एक मोठा अभ्यास टोरोंटो विद्यापीठातील संशोधकासह २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षभरात ८ टक्क्यांहून अधिक स्टिकमध्ये चुका आढळल्या, आणि तापमानाचा प्रभाव अपेक्षेपेक्षा बराच कमी निघाला. अर्थात ती वातानुकूलित केंद्रे होती, झाशीतली पत्र्याखालची खोली नव्हे. माझे मत असे की ऊन दोष निर्माण क्वचित करते, पण काठावरच्या जोडीला ढकलते. म्हणून रात्रीची चाचणी स्वच्छ निघाली तरी एकदा भर दुपारी, पंखा बंद करून चालवा.

दुरुस्तीनंतरचे काम कंटाळवाणे आहे आणि नेमके तेच लोक टाळतात. नवी स्टिक बसवल्याच्या तारखेपासून काढल्याच्या तारखेपर्यंत ज्या फाइल कॉपी झाल्या किंवा सेव्ह झाल्या, त्या सगळ्या संशयित. फोल्डरमध्ये बदलाच्या तारखेने क्रम लावा, एकेक उघडा. फोटो मोबाइलमध्ये किंवा मूळ पेन ड्राइव्हवर असतील तर तिथून पुन्हा घ्या. आजोबांचे करडे झालेले फोटो असेच परत मिळाले. वंशावळीची त्या आठवड्यातली पाने त्यांनी हस्तलिखिताशी ताडून पाहायला घेतली आहेत, आकडे आधी.

नवीन रॅम घ्यायचीच असेल तर एकाच पाकिटातली जोडी घ्या, कारण ती कारखान्यात एकत्र तपासलेली असते. त्याच मॉडेलची दुसरी स्टिक सहा महिन्यांनी घेतली तर आतल्या चिप वेगळ्या असू शकतात. चार स्टिक भरण्याचा मोह तर नकोच: रायझन ७००० मालिकेत दोन डीडीआर-५ स्टिकना अधिकृत वेग ५२०० आहे, चार भरल्या की तो ३६०० वर येतो. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढले आहेत. कारखान्यांचा माल एआयच्या डेटा सेंटरकडे वळतो आहे, आणि मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशियल या नावाची ग्राहकविक्री थांबवण्याचे जाहीर केले. त्यामुळे जुन्यात नवी मिसळणे आता वाढणारच. मिसळा, पण जुनी स्टिक खिशात घालून दुकानात जा, लेबल ताडून पाहा आणि न जुळल्यास बदलून देण्याचे बिलावर लिहून घ्या.

स्वस्तात मिळणाऱ्या दोन गोष्टींपासून मात्र सावध. सर्व्हरमधून काढलेली 'रजिस्टर्ड' रॅम घरगुती मदरबोर्डवर चालत नाही. आणि जुन्या डीडीआर-३ मध्ये 'ओन्ली फॉर एएमडी' असे बारीक अक्षरांत लिहिलेल्या स्टिक मिळतात, त्या इंटेलच्या संगणकात सहसा सुरूच होत नाहीत. दुकानदार "चल जाएगी" म्हणाला तरी आधी तिथेच, त्याच्या समोर, आपल्या संगणकात लावून पाहा.