सस्पेन्स खात्यातली मोटार

जी मोटार कधीच सुरू होत नाही तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. ती एका अर्थी प्रामाणिक असते. तिच्यावर कापड टाकावे, मांजरीला बाळंतपणासाठी द्यावी, प्रश्न मिटला. माझे भांडण आहे ते सोमवारी सुरू होणाऱ्या, मंगळवारी न होणाऱ्या आणि बुधवारी मेकॅनिक आला की पुन्हा शहाण्या मुलीसारखी सुरू होणाऱ्या मोटारीशी. आणि त्याहूनही मोठे भांडण आहे ते अशा मोटारीभोवती कमरेवर हात ठेवून उभे राहणाऱ्या आणि बॉनेट उघडण्याआधीच “कॉइल बदला!” असे सांगणाऱ्या मंडळींशी.

मी बँकेतला कारकून. शिक्षण बी. कॉम. स्वतःच्या मालकीचे वाहन म्हणाल तर एक स्कूटर. तेव्हा हा गृहस्थ मोटारींच्या भानगडीत कशाला पडतो, असे आपण विचाराल. पण माझे म्हणणे असे, की ही भानगड मुळात मोटारीची नाहीच. ती हिशेब लागत नसल्याची आहे. आणि हिशेब न लागणे या विषयात माझी वीस वर्षे गेली आहेत.

आमचे साडू इंग्लंडात स्लावला असतात. त्यांच्याकडे १९७२ सालची एमजीबी आहे. दोन माणसांची, टप उघडणारी. १९६२ ते १९८० या काळात ॲबिंग्डनच्या कारखान्यातून या जातीच्या पाच लाखांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या. साडूंनी ती मुलीच्या जन्माच्या वर्षी घेतली आणि मुलीची पाठवणी करायची ती याच गाडीतून, असा त्यांचा हट्ट. लग्न सहा आठवड्यांवर आलेले आणि गाडीचे हे असे! चावी फिरवली की ‘खट्’ असा एक आवाज, मग शांतता. पाच मिनिटांनी फिरवली की सुरू. मेहुणीने तर त्या गाडीत बसणेच सोडले होते. “नवरी उतारावरून ढकलत न्यायची का?” हा तिचा सवाल. शेवटी साडूंनी गाडी विकायला काढली, तीही पडत्या भावात.

मी जाईपर्यंत उपचार काय काय झाले होते? नवा स्टार्टर. नवी कॉइल. नव्या बॅटऱ्या. अनेकवचन मुद्दाम वापरतोय, कारण या गाडीला सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, आणि त्या कुठे, तर सीटच्या मागे, गालिच्याखाली, झाकणाच्या आत. आमच्या लॉकरला इतका बंदोबस्त नाही. बिले पौंडांत होती. मी सवयीने शंभराने गुणली आणि पाणी प्यायलो.

आता ‘सुरू होत नाही’ हा काही रोग नव्हे. ‘बरं वाटत नाही’ म्हणण्यासारखेच ते आहे. पहिला प्रश्न एकच: स्टार्टर फिरतो का? तो जोरात फिरतोय पण इंजिन पेट घेत नाही, तर पेट्रोल किंवा ठिणगी पाहा. या गाडीचा पेट्रोलपंप विजेवरचा आहे. चावी लावली की मागून टकटक ऐकू येते. ती नसेल तर पंपाचे पॉइंट चिकटले असतील. (तिकडे त्याला काठीने एक टपली मारतात, पंप चालू लागतो आणि मारणारा आयुष्यभर ती गोष्ट सांगत फिरतो.) पण स्टार्टर फिरतच नसेल, तर बॅटरी, जाड तारा, त्यांचे सांधे, सोलेनॉइड आणि खुद्द स्टार्टर एवढाच मुलूख. कॉइलची हुकमत तिथे चालत नाही. स्टार्टर न फिरणाऱ्या गाडीची कॉइल बदलणे म्हणजे अजून पानावर न बसलेल्या पाहुण्याला अपचनाची गोळी देणे!

आमच्याकडे संध्याकाळी कॅश जुळली नाही तर आम्ही कॅशिअर बदलत नाही. फरक किती ते पाहतो. नऊने भाग जातो का? जात असेल तर कोणीतरी ५४चे ४५ लिहिले असण्याचा संभव. मग व्हाउचरे. आणि काहीच सापडले नाही तर ती रक्कम सस्पेन्स खात्याला टाकून सगळे घरी जातात. हे ‘कॉइल बदला’वाले म्हणजे अख्खी मोटार सस्पेन्स खात्याला टाकणारे लोक!

या मंडळींचे फावते कशामुळे, तर तिजारीच्या तापामुळे. दिवसाआड येणारा ताप. न आलेल्या दिवशी ज्याने ताईत बांधला त्याचा गुण आला! साडूंची गाडी प्रत्येक नव्या भागानंतर आठ-दहा दिवस बिनतक्रार चालली होती. मधूनमधून येणाऱ्या दुखण्यावर कुठलेही औषध आठ दिवस लागू पडते. हे ज्याला कळत नाही त्याने पान्हा हाती धरू नये.

तेव्हा मी साडूंना एकच अट घातली. “भाऊसाहेब, ‘खट्’ वाजलं की चावी पुन्हा फिरवायची नाही. हात बाजूला. मला हाक मारायची.” मीटर मेहुणीच्या भाजीच्या पिशवीत ठेवला. झाले, तीन दिवस गाडी एका चावीत सुरू! चौथ्या दिवशी दुकानासमोर ‘खट्’ झाले आणि साडू आनंदाने ओरडले, “आली, आली!” आजूबाजूचे इंग्रज बघायला लागले.

हेडलाइट लावले, चावी फिरवली तरी ते लख्ख. यावरूनच वर्कशॉपने निकाल दिला होता, की बॅटरी ठणठणीत, म्हणजे दोषी स्टार्टर. पण दिव्यांची वीज परत जाते ती बॉडीतून, आणि स्टार्टरची जाते इंजिनातून. इंजिन बसलेले असते रबरावर. रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी तांब्याच्या तारांची विणलेली पट्टी असते. तीच अर्थची पट्टी. (अर्थाचा अनर्थ म्हणतात तो हा.) मीटरची एक तार इंजिनाच्या धातूला, दुसरी बॅटरीच्या ऋण टोकाला लावली, साडूंनी चावी धरून ठेवली. अर्ध्या व्होल्टच्या आत दिसायला हवे होते. मीटरने चाराच्या वर दाखवले. चोकची तार हाताला कोमट लागली. बिचारी पट्टीचे काम आपल्या अंगावर घेत होती.

पट्टी काढली, तर आतून हिरवीगार, निम्म्या तारा तुटलेल्या. इंजिन हलले की टोके टेकत, पुन्हा हलले की सुटत. स्टार्टर बसवताना इंजिन हलले, पट्टी टेकली, गुण स्टार्टरला! नवी पट्टी काही थोड्या पौंडांत आली. साडूंनी जागा सँडपेपरने घासून ती बसवली.

कोणी म्हणेल, पन्नास वर्षांची गाडी, सगळेच भाग म्हातारे, बदलले तर बिघडले कुठे? बिघडते. आज मिळणारे नवे कंडेन्सर आणि रोटर कधीकधी जुन्या अस्सल मालापेक्षा लवकर दगा देतात. चांगला जुना भाग काढून वाईट नवा बसवला की पहिल्या चुकीवर दुसरी चढते आणि एकीच्या आड दुसरी लपते. परस्परांना झाकणाऱ्या चुका काय रात्री दाखवतात ते कोणत्याही कॉमर्सवाल्याला विचारा. तसेच त्या लुकास कंपनीचे. तिला ‘अंधाराचा राजा’ म्हणून हसण्याची तिकडे रीत आहे. पन्नास वर्षे पावसात भिजलेल्या सांध्याचा गंज त्या बिचाऱ्याच्या नावावर कशाला?

साडूंनी विक्रीची जाहिरात मागे घेतली. काढून टाकलेला जुना स्टार्टर मी गॅरेजमध्ये पक्क्या शिकंजात धरून बॅटरीला जोडून पाहिला. पहिल्या फटक्यात गरगरला. त्याचे बिल मी मेहुणीला दाखवलेले नाही.