टायरची पारख

मनुष्याची पारख संकटात होते, असे आपण निबंधातून अनेकदा लिहितो. सायकलच्या टायरची पारख खडकावर होते, हे मात्र आम्हांस गेल्या हिवाळ्यापर्यंत ठाऊक नव्हते. ते ज्ञान आम्हांस फार महाग पडले. म्हणून ते आमच्या विद्यार्थी बंधुभगिनींपुढे ठेवणे आम्ही आपले कर्तव्य समजतो.

एका रविवारी पहाटे आम्ही चौघे काचीगुड्याहून खाजागुड्याच्या टेकड्यांकडे निघालो. आमच्यातील एकाने आदल्याच दिवशी सायकलला नवे टायर बसविले होते. त्यांवरील बटणे अशी उंच आणि रुबाबदार होती, की आम्हां उरलेल्या तिघांस आपापल्या सायकलींची लाज वाटली. टेकडीवरच्या वाटेने थोडे अंतर जातो न जातो तोच फस्स असा आवाज झाला. पाहतो तो मागच्या टायरच्या बाजूस बोट शिरेल एवढी चीर! बटणांना मात्र ओरखडाही नव्हता. ट्यूबला ठिगळ लावले, हवा भरली; पण त्या चिरेतून ट्यूब फुग्यासारखी बाहेर डोकावू लागली. अखेर टोलीचौकीपर्यंत सायकल ढकलत नेली. तेथील एका वृद्ध कारागिराने ती चीर न्याहाळली आणि आपल्या दखनीत एवढेच म्हटले, ‘‘बटन क्या देखते मियाँ, बाजू देखो!’’

आमच्या मित्राने ते टायर वर्षभर साठविलेल्या पैशांतून घेतले होते. त्याच सायकलवर तो शाळेत येत असे. पुढचा महिनाभर तो पायी आला.

त्या कारागिराच्या एका वाक्यात या विषयाचे सारे शास्त्र आले आहे, असे आमचे मत आहे. टायरचे खरे बळ त्याच्या रबरी नक्षीत नसून आतील कापडात असते. नायलॉनच्या धाग्यांचे हे कापड रबरात मढविलेले असते. नक्षीखाली रबराचा थर जाड असतो, तर बाजूस तो अगदी पातळ असतो. सडकेवर बाजूचा कशाशी संबंध येत नाही. दोन दगडांच्या फटीतून चाक जाते, तेव्हा मात्र दगडाची धार नेमकी तेथेच लागते. म्हणून पुष्कळ हलके टायर सडकेवर मजबूत आणि खडकावर कुचकामी ठरतात. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा!

मग निवड करावी कशी? प्रथम टायर हाती घेऊन त्याची बाजू दोन बोटांत दाबून पाहावी. ती कागदासारखी दुमडली तर तो टायर खडकाळ वाटेचा नव्हे. कापड दुपदरी आहे काय, किंवा बाजूस संरक्षणासाठी वेगळी पट्टी घातली आहे काय, हे दुकानदारास विचारावे. एका इंचात धागे किती, हा आकडाही अनेक टायरवर छापलेला असतो. १२० धाग्यांचे कापड तलम व हलके, ६० धाग्यांचे जाडेभरडे. परंतु पदर किती आहेत हे पाहिल्यावाचून केवळ या आकड्यावर भिस्त ठेवू नये. रुंदी सव्वादोन इंचांच्या आसपास किंवा थोडी अधिक असावी. मात्र तेवढा टायर आपल्या सायकलच्या चिमट्यात फिरतो की नाही, हे आधी मोजून घ्यावे.

हवेविषयीही आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. हवा गच्च भरली की टायर सुरक्षित, असे आम्हीही समजत होतो. वस्तुतः गच्च भरलेला टायर दगडावर दबत नाही. तो उसळतो आणि धार सोसतो. उलट हवा फार कमी असेल तर दगड आणि रिम यांच्यामध्ये ट्यूब चिमटली जाते व तिला सर्पदंशासारखी जोडीने दोन भोके पडतात. तेव्हा मध्यम मार्गच खरा. ट्यूबविरहित टायरमध्ये जो चिकट द्रव घालतात, तो बाभळीच्या काट्याचे भोक आपोआप बुजवितो; परंतु बाजूची लांब चीर त्याला बुजविता येत नाही. त्यासाठी जुन्या टायरचा एक तुकडा नेहमी जवळ बाळगावा. तो आतून लावला असता तर आमच्या मित्राची पायपीट टळली असती.

कोणी म्हणेल, असा टायर जड होतो. आक्षेप खरा आहे. हलका टायर सहा-सातशे ग्रॅमचा, तर तीव्र उतारांसाठी केलेला दुपदरी टायर बाराशे ग्रॅमच्याही पुढे जातो. चढावर हे वजन पायांस जाणवते. म्हणून जो केवळ शाळेच्या वाटेवर किंवा बाह्यवर्तुळ मार्गालगत २०२३ साली खुल्या झालेल्या सायकलपथावर फिरतो, त्याने हे ओझे व्यर्थ वाहू नये. दोन्ही टायर जड घेणे परवडत नसेल, तर निदान मागचा तरी मजबूत घ्यावा. कारण स्वाराचा अधिक भार त्यावरच असतो.

शेवटी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. आमच्या हैदराबादचा ग्रॅनाइट सुमारे २५० कोटी वर्षांचा आहे. ऊन-पावसाने झिजून त्याच्या शिळा गोल होतात. म्हणूनच त्या एकीवर एक रचलेल्या लाडवांसारख्या दिसतात. गारगोटीच्या काही शिरा सोडल्या, तर या जुन्या दगडास सहसा धार नसते. धार असते ती सुरुंगाने नुकत्याच फोडलेल्या कपच्यांना. आमच्या मित्राचा टायर अशाच एका कपचीने कापला होता. हे दगड वाचविण्यासाठी या शहरात १९९६ साली एक संस्थाही स्थापन झाली; तरी सुरुंगाने फोडलेल्या टेकड्यांच्या जागी आज इमारती उभ्या आहेत. मजबूत टायर पैसे देऊन दुकानात मिळतो. फोडलेली टेकडी कोणत्याही दुकानात मिळत नाही.

तेव्हा, मित्रहो, टायर घेताना नक्षीला भुलू नका, बाजू पाहा. आणि त्या टायरवरून टेकडीवर जाल, तेव्हा तेथील शिळांकडेही दोन क्षण थांबून पाहा. आपल्या धाकट्या भावंडांनाही त्या वाटेने जाता यावे, एवढीच आमची इच्छा आहे.