क्रूझर, टूरर आणि डबलसीट

मोठ्या मोटारसायकलींची तुलना करणारे लेखन मी बऱ्याच वर्षांपासून आवडीने वाचत आलो आहे. मराठीच्या प्राध्यापकाला हे व्यसन कसे जडले, असे सहकारी विचारतात. त्यांना पटेल असे उत्तर मजजवळ नाही. या लेखनातला एक वाद मात्र आपल्याकडील ‘कलेसाठी कला की जीवनासाठी कला’ या वादाइतकाच चिवट आहे. लांबच्या प्रवासाला क्रूझर बरी की टूरर? दोन्ही पक्ष ताकद, वजन, टाकीची क्षमता यांची कोष्टके मांडतात आणि अखेरीस ज्याच्या त्याच्या आवडीवर निर्णय सोपवून मोकळे होतात. माझ्या मते निर्णय देता येतो. त्यासाठी परीक्षकाने पुढच्या सीटवरून उठून मागच्या सीटवर बसले पाहिजे, एवढेच.

क्रूझर म्हणजे बुटकी बैठक, पुढे ताणलेले पाय आणि वर किंवा मागे ओढलेले हँडल. ही मुद्रा जगाच्या मनावर ठसवली ती 1969 सालच्या ‘ईझी रायडर’ या चित्रपटाने. त्यातील ‘कॅप्टन अमेरिका’ ही मोटारसायकल विसरता येत नाही. पण तिला मागे सस्पेन्शन नव्हते आणि पुढच्या चाकाला ब्रेकही नव्हता, हे तिचे चित्र भिंतीवर लावणाऱ्यांपैकी कितीजणांना ठाऊक असेल? या बैठकीत वारा थेट छातीवर येतो आणि पाय पुढे असल्यामुळे शरीराचा भार त्यांच्यावर पडत नाही. तो माकडहाडावर पडतो. हार्लेच्या इंजिनाचा तो प्रसिद्ध अडखळता ताल म्हणजे 45 अंशांत बसवलेल्या आणि एकाच क्रँकपिनला जोडलेल्या दोन सिलिंडरांची करामत. त्यांतले स्फोट समान अंतराने होत नाहीत. 315 आणि 405 अंश अशा विषम अंतराने होतात. या आवाजाची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी व्हावी यासाठी कंपनीने 1994 साली अर्ज केला होता आणि 2000 साली तो मागे घेतला. ज्या यंत्राच्या आवाजाचीही मालकी सांगावीशी वाटते, ते यंत्र दुसऱ्याने पाहावे आणि ऐकावे यासाठीही घडवलेले असते, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

टूररची कथा वेगळी आहे. होंडाची ‘गोल्डविंग’ 1975 च्या सुमारास बाजारात आली तेव्हा तिला वाऱ्यापासून आडोसा नव्हता, सामानाच्या पेट्या नव्हत्या. 999 घनसेंटिमीटरचे, पाण्याने थंड राहणारे चार आडव्या सिलिंडरांचे इंजिन आणि साखळीऐवजी शाफ्ट, एवढेच तिचे भांडवल. अमेरिकेतल्या स्वारांनीच तिच्यावर क्रेग व्हेटर यांच्या ‘विंडजॅमर’सारखे आडोसे चढवले, पेट्या अडकवल्या. मग कंपनीने 1980 मध्ये हे सारे कारखान्यातूनच द्यायला आरंभ केला. 1988 च्या प्रतीत सहा सिलिंडर आले आणि जड गाडी मागे घेण्यासाठी रिव्हर्सची सोयही आली. मागच्या सीटला पाठ आणि हात टेकायला आधार आला. तिला ‘चाकांवरचा सोफा’ म्हणून हिणवण्याची प्रथा आहे. पण हा सोफा वापरणाऱ्यांच्या गरजांतून घडत गेला, हे लक्षात घेतले पाहिजे.

हा भेद कंपन्यांचा नाही. हार्लेचीच ‘इलेक्ट्रा ग्लाइड’ 1965 पासूनची टूरर, आणि 1980 च्या ‘टूर ग्लाइड’मध्ये त्यांनीही इंजिन रबरी आधारांवर बसवून हादरे आवरले. भेद गृहीतकाचा आहे. या गाडीवर किती माणसे बसणार आहेत, हे गृहीतक.

गेल्या उन्हाळ्यात मी ओहायोतील कोलंबसला एका वर्गमित्राकडे गेलो होतो. तेथून जवळच्या मेरीसव्हिलमध्ये 2009 पर्यंत गोल्डविंग तयार होत असे, आणि मित्राजवळ त्याच कारखान्यातली एक जुनी गोल्डविंग आहे. शेजाऱ्याची क्रूझरही एक दिवस मागून घेतली होती. तिकडे मोटारसायकल चालवण्याचा परवाना माझ्याजवळ नव्हता, म्हणून दोन्ही दिवस मी डबलसीट. रस्ता एकच, हॉकिंग हिल्सपर्यंतचा. जाऊन-येऊन दोनशेच्या आत किलोमीटर. क्रूझरवर माझ्या वाट्याला तळहाताएवढी गादी आली होती. गुडघे पोटाशी, धरायला मित्राचा पट्टा, आणि डोळ्यांसमोर त्याच्या जाकिटाची शिवण. तो मधूनमधून ओरडून विचारी, “मजा येतेय ना?” गोल्डविंगवर मागची बैठक पुढच्यापेक्षा किंचित उंच. त्या दिवशी मला प्रथमच मका दिसला, लाल कोठारे दिसली, वळण येण्याआधी वळण दिसले.

रॉबर्ट पिर्सिग यांच्या ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटारसायकल मेंटेनन्स’ (1974) या पुस्तकावर आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते, पण ते बहुधा ‘गुणवत्ता’ या संकल्पनेपाशी थांबते. त्या प्रवासभर वडिलांच्या मागे अकरा वर्षांचा क्रिस बसलेला आहे. तो कुरकुरतो, रडतो. त्याचे पोट दुखते. अगदी शेवटी तो पायट्यांवर उभा राहून बापाच्या खांद्यावरून पुढे पाहतो, आणि इतका वेळ त्याला फक्त पाठ दिसत होती, हे तेव्हा कुठे बापाला कळते. माझ्या दृष्टीने त्या ग्रंथाचे सर्व तत्त्वज्ञान या एका जागी कसोटीला लागते.

येथे एक आक्षेप रास्त आहे. पिर्सिग आरंभीच म्हणतात की मोटारीच्या खिडकीची चौकट मोटारसायकलवर नाहीशी होते. मग काचेचा आडोसा, रेडिओ आणि उबदार सीट देणारी टूरर ती चौकट पुन्हा उभी करत नाही काय? काही अंशी करते. शिवाय पावणेचारशे किलोंच्या आसपासचे हे धूड आपल्या गल्लीबोळांत आणि घाटांत चालवणे म्हणजे शिक्षाच. तेव्हा प्रत्येकाने गोल्डविंग घ्यावी असे माझे म्हणणे नाही; प्राध्यापकाच्या पगारात ती बसतही नाही. पण पुढच्याला वारा लागावा म्हणून मागच्याचे कंबरडे मोडावे, या व्यवहाराला स्वातंत्र्य म्हणणे मला मान्य नाही.

आणि आपली परंपरा तरी एकट्या स्वाराची कोठे आहे? जेजुरीचा खंडोबा म्हाळसेला घेऊन एकाच घोड्यावर बसतो. आपल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतही (1989) मागे बसणाऱ्यासाठी धरायला कडी, पायांना आधार आणि चाकावर झाकण बंधनकारक आहे. रुक्ष कायद्याला जे सुचले, ते स्वातंत्र्याच्या शाहिरांना सुचले नाही.

हे सारे लिहिण्याचा अधिकार मला कितपत आहे, ही शंका मात्र आहे. पुणे-कोल्हापूर रस्त्यावर अठरा वर्षे माझी पत्नी माझ्या मागे, एका बाजूला पाय टाकून बसत आली आहे. ओहायोहून परतल्यावर मी तिला प्रथमच विचारले, “मागून काय दिसतं ग?”

“तुमची पाठ,” ती म्हणाली. “आणि डावीकडचं. उजवीकडचं येताना.”

दिवाळीत एक क्रूझर घ्यायचे मी ठरवले होते. आगाऊ रक्कम अद्याप भरलेली नाही. विक्रेत्याला सांगितले आहे की चाचणीसाठी गाडी दिवसभर हवी, आणि सौभाग्यवती मागे बसतील. तो हसला. निर्णय तिचा.