मातीचा सामू आणि चुन्याचें माप

मृदा आरोग्य पत्रिका २०१५ सालीं सुरू झाल्यापासून सामू हा शब्द चंद्रपूर-गडचिरोलीच्या धानपट्ट्यांत पुष्कळांच्या परिचयाचा झाला आहे. परंतु सामू साडेपांच दिसला कीं शेजाऱ्यानें टाकला तितकाच चुना आपणहि टाकावा, ही समजूत आम्हांस नुकसानीची वाटते.

सामूचें माप सोरेन्सेन या डॅनिश रसायनशास्त्रज्ञानें १९०९ सालीं घालून दिलें. त्यांत एका अंकाचा फरक म्हणजे आम्लतेंत दहापट फरक होय. मात्र हा अंक मातींतील पाण्यांत उतरलेली आम्लता सांगतो; चिकणमातीच्या व कुजलेल्या पालापाचोळ्याच्या कणांनीं धरून ठेवलेली आम्लता सांगत नाहीं. प्रयोगशाळेंत मातीस चुन्याचें पाणी थोडें थोडें घालून प्रत्येक वेळचा सामू कागदावर मांडला, तर रेताड मातीची रेषा झपाट्यानें वर चढते; भारी मातीची रेषा पुष्कळ चुना पचवूनहि सावकाश चढते. आरंभीचा सामू एकच असूनहि चुन्याचें माप निराळें ठरतें, तें यामुळें. रेताड बांधींत चुना अधिक झाला तर जस्त व लोह पिकास मिळेनासे होतात.

शिवाय बांधींत पाणी सांचून राहिलें म्हणजे आम्लधर्मी मातीचा सामू कांहीं आठवड्यांत आपोआप सातच्या जवळ येऊं लागतो. तेव्हां चुन्याचा विचार धानापेक्षां त्यामागून येणाऱ्या हरभऱ्यासाठीं करणें अधिक योग्य.

म्हणून माती तपासावयास देतांना चुन्याची गरज स्वतंत्रपणें मोजून मागावी, व सिंदेवाही येथील कृषि संशोधन केंद्राचा सल्ला घेऊनच चुन्यावर पैसा खर्चावा, असें आमचें शेतकरी बंधूंस आग्रहाचें सांगणें आहे.