पडण्याचे शास्त्र

गेल्या जानेवारीत आपल्या जिमखान्याची सहल बदामीला गेली होती. तिच्याविषयी सध्या महाविद्यालयात बरेच बोलले जात आहे. सहलीतली अर्ध्या मिनिटाची एक चित्रफीत या मोबाइलवरून त्या मोबाइलवर फिरत फिरत पालकांपर्यंत पोहोचली. तीत लाल कड्यावरून एक माणूस पडताना दिसतो, खालची मुले ओरडतात आणि चित्रफीत संपते. ती पाहून काही पालक कार्यालयात येऊन गेले, आणि यंदा प्रस्तरारोहणाची सहल काढावी की नाही, हा प्रश्न जिमखाना समितीपुढे आला. ते गृहस्थ पडले तेव्हा मी कड्याच्या पायथ्याशी उभा होतो. ओरडणाऱ्यांत माझाही आवाज आहे. म्हणून चित्रफितीत जे आले नाही ते सांगणे मला माझे कर्तव्य वाटते. माझे मत आधीच सांगून टाकतो: सहल बंद करू नये; पण गेल्या वेळी नेली तशीही नेऊ नये.

बदामी आपल्याला ठाऊक असते ती इतिहासाच्या पुस्तकातून. चालुक्यांची राजधानी, इ. स. ५७८ चा शिलालेख असलेले तिसरे लेणे, अगस्त्य तीर्थ. ज्या वालुकाश्मात ही लेणी कोरली त्याच दगडाचे उभे कडे गावाभोवती आहेत, आणि त्यांवर चढण्यासाठी देशविदेशांतले आरोहक तेथे येतात. आम्हा नवशिक्यांचा दोर आधीच वर अडकवलेला असे. पाय सुटला तर माणूस हातभर खाली येऊन लोंबकळतो, एवढेच. परंतु जो सर्वांच्या आधी चढतो त्याला वरून दोर कोण देणार? तो दोर कमरेच्या हार्नेसला बांधून खालून वर नेतो आणि कड्यात ठोकलेल्या बोल्टमध्ये जागोजागी अडकवत जातो. खाली त्याचा जोडीदार दोर हवा तेवढा सोडतो आणि वेळ आली तर धरतो. या चढाईला लीड म्हणतात आणि जोडीदाराच्या कामाला बिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या प्रशिक्षकांचे एक स्नेही लीड करीत होते. वीस वर्षे कडे चढलेला, कन्नड बोलणारा, अंगाने किरकोळ माणूस. जिना चढावा तसे ते चढत होते, त्यामुळे आम्ही अर्धे लक्ष वर आणि अर्धे चिरमुऱ्यांच्या पुड्यांकडे ठेवून होतो. वीस मीटरवर ते थांबले. पुढच्या बोल्टमध्ये अडकवण्यासाठी त्यांनी दोर ओढून घेतला, आणि त्यांचा पाय निसटला. हातपाय झाडणे नाही, ओरडणे नाही. ओरडलो ते आम्ही. ते खाली येत गेले, येत गेले, आणि मला वाटले आता थांबत नाहीत. मग दोर ताणला गेला, बिले देणारा गडी दोन फूट वर उचलला गेला, आणि ते झोका घेऊन पाय पुढे करून अलगद कड्याला टेकले. चित्रफीत येथेच संपते. पुढे काय झाले? ते मिनिटभर लोंबकळत राहिले, दोन्ही हात झटकले आणि खाली पाहून म्हणाले, "इन्नोंदु सल." पुन्हा एकदा. पुन्हा चढले, त्याच जागी पुन्हा पडले. मग खाली उतरून केळे सोलू लागले, ते माकडाने पळवले, तेव्हा मात्र ते खरोखर चिडले.

आता यात किती धोका होता, हे आपण वाणिज्य शाखेच्या रीतीने, आकड्यांत पाहू. शेवटचा बोल्ट सुमारे सतरा मीटरवर, म्हणजे त्यांच्या तीन मीटर खाली होता. बोल्टपर्यंत तीन मीटर, बोल्टच्या खाली आणखी तीन, ओढून घेतलेला दोर दीडेक मीटर, दोराचे ताणणे आणि जोडीदाराचे वर उचलले जाणे मिळून आणखी दीड. एकूण नऊ मीटर, म्हणजे जवळजवळ तीस फूट. तीन मजली इमारतीच्या गच्चीवरून जमिनीवर यावे तितके. परंतु आरोहक पतन निव्वळ फुटांत मोजत नाहीत. दोर ताणला जाईपर्यंत पडलेले अंतर भागिले बाहेर असलेला दोर, असा त्यांचा भागाकार असतो. दोर जितका लांब तितका तो अधिक ताणतो आणि धक्का पचवतो. येथे साडेसात मीटर भागिले साडेएकवीस, म्हणजे सुमारे एक तृतीयांश. हा आकडा वाईटात वाईट दोनपर्यंत जाऊ शकतो. दोर तपासण्याची जी आंतरराष्ट्रीय कसोटी आहे तीत ऐंशी किलोचे वजन सुमारे १.७७ या प्रमाणात टाकतात. पहिल्या धक्क्याचा जोर १२ किलोन्यूटनच्या वर जाता कामा नये, आणि असे निदान पाच धक्के दोराने सोसले पाहिजेत. आमच्यासमोर झालेले पतन या कसोटीपेक्षा पुष्कळच सौम्य होते. गंमत अशी की, हेच गृहस्थ पाच-सहा मीटरवर असताना असेच दोर ओढून निसटले असते तर सरळ जमिनीवर आदळले असते. म्हणजे जेथे आम्ही निर्धास्त होतो तेथे धोका अधिक होता, आणि जेथे आमचा श्वास अडकला तेथे कमी.

ही सोय काही आभाळातून पडलेली नाही. १४ जुलै १८६५ रोजी मॅटरहॉर्न शिखर प्रथम सर करून उतरताना सातांपैकी चौघे कोसळले; मधला दोर तुटला, आणि तो जुना व कमकुवत होता असे नंतर दिसून आले. तागाच्या दोरांच्या त्या काळात पुढे चढणाऱ्याने पडायचेच नाही, हा नियम होता. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास नायलॉन आले, १९५० नंतर ताण घेणारे गाभा-आवरणाचे दोर आले, आणि मग कुठे पडून पुन्हा चढणे शक्य झाले. आज आरोहक जे अवघड कडे चढतात ते शंभर वेळा पडून चढतात. व्यापारी जशी बुडीत कर्जाची तरतूद आधीच करून ठेवतो, आणि म्हणून त्याला कोणी दिवाळखोर म्हणत नाही, तसेच हे आहे. पतन हा त्यांच्या हिशेबातला एक अपेक्षित खर्च आहे.

आपल्या हिशेबात तो नाही. 'पडले तरी नाक वर' असे आपण मराठीत म्हणतो. आमचे कानडी मित्र म्हणतात, 'जट्टी जारी बिद्दरू मीसे मण्णागलिल्ल', पैलवान घसरून पडला तरी मिशीला माती लागली नाही. सीमाभागात आपण कशाकशावरून भांडतो, पण पडलेल्याची थट्टा करण्यात आपले पूर्ण एकमत आहे! मार्च महिन्यात निकालाच्या फलकापुढे हेच दिसते. ज्याचा एक विषय राहिला तो मागच्या दाराने घरी जातो, आणि दोन वर्षे घरी खोटे सांगत राहतो. शिवाय लहानपणापासून आपण सिंहगडाची गोष्ट ऐकत आलो. १६७० साली तानाजी पडल्यावर सूर्याजीने परतीचे दोर कापून टाकले, अशी ती गोष्ट. रणांगणावर ते शोभले असेल. परंतु विशीतल्या पोरांच्या प्रत्येक कामात दोर कापून ठेवणे हे शौर्य नव्हे. दोर शाबूत होता म्हणूनच ते गृहस्थ त्या जागेवर पुन्हा जाऊ शकले.

केळ्याचे प्रकरण निवल्यावर मी त्यांना विचारले, "सर, पडताना भीती नाही वाटली?" ते म्हणाले, "भीती वाटते ती आधी. पडताना काम असते." काम कोणते? दोर पायामागे येऊ द्यायचा नाही, नाही तर माणूस उलटा होऊन डोके आपटते. हाताने दोर पकडायला जायचे नाही. श्वास सोडायचा, गुडघे वाकवायचे, तळवे कड्याकडे करायचे. आणि बिले देणाऱ्याने दगडासारखे उभे न राहता धक्क्याबरोबर हलकेच वर जायचे, म्हणजे पडणारा कड्यावर जोरात आपटत नाही. हे सगळे त्यांनी लहान लहान पतनांनी घटवलेले होते.

आता मला जे सांगायला जड जाते ते सांगतो. त्याच संध्याकाळी कानडी विभागातल्या माझ्या एका मित्राला मी बिले देत होतो. त्याचा दोर वरून आलेला होता, फार उंचही तो नव्हता. कोणीतरी मला हाक मारली, मी मान वळवली आणि खालचा दोर धरलेला माझा हात सैल झाला. नेमका तेव्हा त्याचा पाय सुटला. माझ्या मागे आमचे प्रशिक्षक दोराचे शेपूट धरून उभे होते, त्यांनी तो आवळला. मित्र चार फूट अधिक खाली आला, इतकेच. त्याला काही कळलेही नाही. मी रात्री त्याला सांगितले, तेव्हा तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "उद्या पुन्हा तूच धर." चित्रफितीत जे पतन आहे त्याने मला घाबरवले होते ते घटकाभर. या चार फुटांनी अजून झोप मोडते. याची चित्रफीत मात्र कोणी काढली नाही.

तेव्हा पालकांची काळजी खोटी आहे असे मी म्हणणार नाही. ती चुकीच्या माणसाकडे पाहून केली जात आहे, एवढेच माझे म्हणणे आहे. वर चढलेल्या जाणत्याकडे ते पाहत आहेत. त्यांनी खाली दोर धरलेल्या माझ्यासारख्याकडे पाहायला हवे. आणि सहल बंद केल्याने मुले कड्यावर जायची थांबणार आहेत काय? पावसाळ्यात धबधब्याच्या निसरड्या काठावर आणि किल्ल्यांच्या तटावर फोटोसाठी उभे राहणारे आपणच असतो, तेथे दोर नसतो, प्रशिक्षक नसतो, आणि कोणाच्या परवानगीचीही गरज नसते.

म्हणून समितीला माझी विनंती अशी. सहलीआधी निदान चार रविवार मैदानावर नुसती गाठ मारण्याची आणि बिले देण्याची तालीम व्हावी. वजनाचे पोते टाकून प्रत्येकाने ते धरून दाखवावे, आणि ज्याला जमणार नाही त्याच्या हाती दोर देऊ नये, मग तो क्रीडा सचिव का असेना. बिले देणाऱ्याच्या मागे नेहमी दुसरा माणूस असावा. चढण्यापूर्वी दोघांनी एकमेकांची गाठ पाहावी. ही बाब क्षुल्लक वाटेल. परंतु लिन हिल ही जगातली नामांकित आरोहक १९८९ साली फ्रान्समधील ब्यू येथे गाठ अर्धवट सोडून चढली आणि वरून सुमारे सत्तर फूट कोसळली. झाडाच्या फांद्यांमुळे ती वाचली. पुढे १९९३ साली तिनेच एल कॅपिटनवरील 'द नोज' ही चढाई साधनांचा आधार न घेता, केवळ हातापायांनी प्रथम पूर्ण केली. जाणत्यांचीही गाठ विसरते, तेथे आपली काय कथा! आणि शेवटचे, दोर हातात असताना कोणी कोणाला हाक मारू नये.

यादी लागली तर माझे नाव मी देणार आहे. चढण्यासाठी नव्हे, ते चार रविवार पोते धरण्यासाठी. ज्या मित्राने चित्रफीत काढली तोही येणार म्हणतो. या वेळी त्याने मोबाइल वर न धरता खाली, बिले देणाऱ्याच्या हातांवर धरावा, आणि ती चित्रफीत पालकांना जरूर दाखवावी.